काचेच्या तारेवर अक्काची पावलं

११ मार्च

तांबं चाललं!

सकाळपासून टेलिफोन एक्स्चेंजच्या मागच्या गल्लीत यंत्र लावून जुनी केबल ओढून काढतायत. मनगटाएवढी जाड, काळी, चिखलानं माखलेली. मोठ्या लाकडी रिळावर गोल गोल गुंडाळली जात होती. मी फाटकाशी उभा. मुकादम ओरडला, "काका, लांब व्हा, अंगावर येईल!"

अंगावर? अरे बाबा, जन्मभर अंगावरच होती ती! खड्ड्यात उकिडवं बसून या हातांनी तिचे जोड मारलेत — रंग बघायचा, जोडी शोधायची, पीळ द्यायचा, पुढची. त्या तारांतून कोण कोण बोललं असेल! लग्नं ठरली असतील, रुसवे निघाले असतील. आणि "पोचलो गं सुखरूप" — हे तर किती जणांनी!

आता भट्टीत जाणार.

चिमणी म्हणाली, "आजोबा, वितळवून तिची पुन्हा तारच होणार. तेवढं तांबं नव्यानं खणायला नको. कुठला तरी डोंगर तेवढा कमी पोखरला जाईल." चिमणी म्हणजे माझी नात, लेकीची लेक. याच एक्स्चेंजमध्ये इंजिनियर आहे. मी जिथून निवृत्त झालो तिथंच ही खुर्ची टाकून बसलीय — मजाच सगळी!

बरं आहे. तार मरत नाही म्हणते, तर नाही मरत. तरी दुपारी जेवण गेलं नाही.

१५ मार्च

आज टेबलावर कामाला बसलो. गेलं वर्षभर जातोय, पण लिहायचं राहूनच गेलं होतं.

एक्स्चेंजच्या ज्या दालनात आमची यंत्रं उभी असायची — हजारो नंबर एकदम लागायचे तेव्हा पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज! — ते दालन आता रिकामं आहे. सगळं काम कपाटाएवढं एक यंत्र करतं. तेही न बोलता. उरलेल्या जागेत लांब टेबल मांडलंय. लोक मेलेले, फुटलेले मोबाईल दारातल्या पेटीत टाकून जातात. आम्ही निवृत्त मंडळी ते उघडतो. जगण्यासारखा असेल तो दुरुस्त होऊन एखाद्या एकट्या म्हाताऱ्याकडे नाहीतर शाळेतल्या पोरांकडे जातो. बाकीच्याची बॅटरी वेगळी, काच वेगळी, आतली सर्किटची पाटी वेगळी. त्या पाटीत सोनं असतं म्हणे! भिंग लावून पाहिलं. कडेला खरंच एक पिवळी रेघ. केसासारखी. आपण खिशात सोनं घेऊन फिरतो आणि कचऱ्यात टाकतो!

टेबलाची मालकीण हॅलोबाई. ट्रंक कॉलच्या काळातली ऑपरेटर. अजून कुणी हाक मारली की आधी "हॅलो" म्हणते, मग वळते. मला भिंगातून पाहत बसलेलं बघून म्हणाली, "कविराज, कविता झाली असेल तर स्क्रू काढा आता."

२० मार्च

अक्काला फोन केला. तिच्याकडे अजून तांब्याची लाईन आहे. महिन्याभरात तीही निघेल.

अक्का माझी थोरली बहीण. घाटाच्या रस्त्यावर, डोंगराच्या पायथ्याशी वस्ती आहे, तिथलं शेवटचं घर तिचं. एकटी राहते. "इकडे ये" म्हणून सांगून माझं तोंड दुखलं. "तुझ्या दोन खोल्यांत मी कुठे मावणार?" म्हणते. ती आहे मूठभर!

पूर्वी आमचा नेम होता. मी फोनवर शाळेतल्या कवितेची एक ओळ म्हणायचो, पुढची तिनं म्हणायची. अडेल तो हरला. ती कधी अडली नाही. आता कान गेले. आज मी ओळ म्हटली तर ओरडली, "काय? कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही, कविता म्हणतोय!"

"मग मोठ्यांदा रड की."

हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. फोन ठेवला आणि शाळेची वाट आठवली. मला वृत्त कळायचं नाही. गुरुजी फळ्यावर लघु-गुरूच्या खुणा काढायचे, मला त्यात नुसती गोगलगाय आणि काठी दिसायची. अक्कानं चालता चालता शिकवलं. "हे बघ धाकट्या. पहिलं पाऊल हलकं. पुढची दोन जड. लगागा! असं चार वेळा. मग थांब, श्वास घे. झाला भुजंगप्रयाताचा एक चरण." वाटेवरची धूळ उडवत आम्ही शाळेपर्यंत कविताच चालत जायचो. पाऊल चुकलं की कान धरायची.

तिच्याच कानांनी दगा द्यावा!

३ एप्रिल

चिमणी आज रागानं लाल होऊन आली. अक्काच्या वस्तीपर्यंत काचेची तार, म्हणजे ऑप्टिकल फायबर, न्यायची की नाही यावर बैठक होती. तिच्या वरच्या साहेबीणबाई — सगळे मोठ्या बाई म्हणतात — त्यांनी विचारलं, "तिथं ग्राहक किती?"

मूठभर घरं. नफा शून्य.

चिमणी म्हणाली, "ग्राहक थोडे आहेत, पण त्यांच्या डोक्यावरचा डोंगर थोडा नाही." गेल्या पावसाळ्यात वस्तीच्या पलीकडे कडा घसरला होता. बसथांब्याची शेड गेली. दुपारची वेळ, थांब्यावर कुणी नव्हतं म्हणून निभावलं. चिमणीचं म्हणणं, ही तार नुसती बोलणं नेत नाही. जमिनीत पुरली की ती जमीन ऐकते.

मी म्हटलं, "तार ऐकते?"

तिनं समजावलं. काचेच्या केसातून प्रकाशाचे ठोके सोडायचे. त्यातला कणभर प्रकाश वाटेतूनच मागे फिरतो — सगळीकडून, वीत-वीत अंतरावरून. जमीन हलली की काच नखभरही नाही, त्याच्याही कितीतरी कमी ताणली जाते. पण मागे येणाऱ्या प्रकाशाला ते कळतं! दगड सरकला, पाणी मुरलं, कडा तडकला — इथे बसून कळतं, कुठे ते.

मी जन्मभर तारेतलं बोलणं जपलं. आजूबाजूची माती काही सांगतेय, हे मनातसुद्धा आलं नाही. शाळेतल्या कवितांत डोंगर बोलायचे, नद्या गायच्या. आम्ही ते पाठ करून मार्क मिळवले. खरं कुणी मानलं होतं!

४ एप्रिल

मोठ्या बाई "हो" म्हणाल्या!!

२६ एप्रिल

तार पोचली. वस्तीवरचा मोबाईल टॉवरही बदलला. त्याच्या पायथ्याशी डिझेलचा जनरेटर होता, दिवसरात्र घरघर आणि काळा धूर. तो काढून उन्हावर चालणाऱ्या निळ्या पाट्या बसवल्या. अक्काच्या घराला लागूनच आहे तो.

तिला नवा फोनही पाठवला. आमच्याच टेबलावरचा. मी स्वतः जोडला, वर मोठा लाल दिवा बसवून घेतला. वाजला की दिवा खोलीभर चमकतो. कान नसले तरी चालेल.

संध्याकाळी तिचाच फोन. घाबरलेली. "धाकट्या, मी ठार बहिरी झाले की काय रे? सकाळपासून काहीच ऐकू येत नाही!"

घरघर थांबली होती. बस्स, एवढंच.

मग म्हणाली, "अरे, पाखरू ओरडतंय वाटतं."

९ मे

 आजचं आजच लिहितो.

सकाळच्या चहाच्या वेळी चिमणीनं पडदा दाखवला. आडवं अंतर — एक्स्चेंजपासून वस्तीपर्यंत. वरून खाली वेळ सरकत येते. निळ्या काळोखात पांढरे ठिपके. "ही तिरकी जाड रेघ म्हणजे ट्रक, आजोबा. हा ओढा, सारखा लुकलुकतोय. आणि ही बारीक टिंबं — कुणीतरी चालतंय."

वस्तीजवळ. टिंबांची एक नाजूक माळ. एक फिकट, दोन ठळक. एक फिकट, दोन ठळक.

मी खुर्चीतून उठलो. फिकट म्हणजे काठी! ठळक दोन म्हणजे पाय. काठी, पाय, पाय. ल-गा-गा!

"अक्का आहे ती," मी म्हटलं.

"आजोबा, कुणीही असेल."

"अगं, ही चाल मी ओळखणार नाही? हिच्याच मागनं शाळेत गेलोय मी!"

घाटाच्या रस्त्यावरची माझी म्हातारी बहीण चालतेय, आणि तिची पावलं काचेच्या केसातून प्रकाशावर बसून माझ्यापर्यंत येतायत! ज्या दालनात उभं राहून मी जन्म काढला त्याच दालनात.  हॅलोबाईनंसुद्धा स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

घरी येऊन फोन लावला. ओरडून ओरडून सांगितलं. "तू सकाळी रस्त्यानं जात होतीस ना?"

"दूध आणायला गेले होते, थांब्यापर्यंत. तुला कुणी सांगितलं?"

"मी पाहिलं! इथनं! तारेतनं! तुझी पावलं दिसतात मला!"

 मला वाटलं ऐकूच गेलं नाही. मग म्हणाली, "केस विंचरलेले होते का रे माझे?"

१० मे

आजही दिसली. त्याच वेळी. दुधाला जाते रोज. मला माहीतच नव्हतं.

१८ मे

रोज सकाळी चहाचा कप घेऊन पडद्यासमोर. चिमणी हसते, "आजोबा, सिनेमा सुरू झाला." झालाच की!

आता तर माळ अगदी रेखीव येते. चार वेळा लगागा, मग थांबा. पुन्हा चार वेळा, पुन्हा थांबा. पहिल्या दिवशी इतकं नेमकं नव्हतं. दम लागत असणार, टेकत असेल बिचारी. पण योगायोग बघा! बरोब्बर चरण संपतो तिथेच हिचा दम संपतो! मी इकडे मनातल्या मनात शब्द भरतो. तिच्या पावलांवर आमच्या शाळेतली आख्खी कविता म्हणून झाली आज.

फोनवर विचारलं तिनं, "दिसले?"

"दिसलीस!"

"बरं." आणि ठेवला. दोन शब्द. पूर्वीच्या अर्ध्या तासापेक्षा भरलेले.

२९ मे

मोठ्या बाई आज पडद्याशी थांबल्या. मी कौतुकानं दाखवायला गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या बहिणीला माहीत आहे, हे ठीक. पण त्या रस्त्यानं चालणाऱ्या बाकीच्यांना?"



"आज तुम्ही बहिणीला ओळखलंत. उद्या कुणी कुणाच्या घरी कधी जातं तेही कुणीतरी ओळखेल. डोंगर ऐकायची परवानगी आहे आपल्याला. माणसं ऐकायची नाही." शिवाय पावलांच्या गडबडीत डोंगराचे बारीक आवाज बुडतात म्हणे. गाळणी बसवणार. चालण्याची टिंबं यंत्रच पुसून टाकेल. पडद्यावर येणारसुद्धा नाहीत.

संतापानं टेबलावर येऊन बसलो. एक फोन उघडताना काचच तोडली. हॅलोबाईनं हातातून काढून घेतला. "कविराज, आम्ही पोरी रोज सगळ्या गावाची गुपितं कानात घेऊन घरी जायचो. नवऱ्यालासुद्धा एक अक्षर सांगितलं नाही कधी. बाईचं बरोबर आहे."

आहेच बरोबर. तेच तर दुखतंय.

१ जून

पडदा स्वच्छ. ओढा लुकलुकतोय. अक्काच्या पावलांच्या जागी काळोख.

संध्याकाळी अक्काचा फोन. "दिसले?"

गाळणी, परवानगी, यंत्र — हे सगळं तिच्या कानात कसं ओरडायचं? आणि कशाला? ती दुधाला जातेच आहे. मी पाहिलं काय, न पाहिलं काय.

"दिसलीस!" म्हणालो.

"बरं."

२२ जुलै

बरेच दिवस वही उघडली नाही. पाऊस थांबत नाहीये.

चिमणीनं आज बोलावलं. पडद्यावर वस्तीच्या वरच्या अंगाला धुळीसारखे ठिपके. लागतात, विझतात. "डोंगर आहे हा, आजोबा. आत पाणी भरतंय. गाळणी नसती तर हे दिसलंच नसतं."

बघत राहिलो. एवढा अजस्र डोंगर, आणि कुजबुज किती बारीक! आजारी माणूस झोपेत कण्हतो तसा. त्याच्या उशाशी आपण काचेचा एक केस ठेवलाय — आणि ऐकू येतंय. माणसाच्या हातून असंही काही होतं तर!

अक्काला सांगितलं, इकडे ये. "बघू," म्हणाली. मग, "आज दिसले?"

"दिसलीस. एवढ्या पावसात नको जाऊस गं."

"काय? ऐकू येत नाही," म्हणाली.

१२ ऑगस्ट

आज जे झालं ते मी पाहिलं, हे मला स्वतःलाच सांगावं लागतंय.

सकाळी पडदा पांढरा होत गेला. धूळ, मग दाणे, मग चांदणं पडावं तसं सगळं. चिमणी एकच वाक्य बोलली, "आता." वस्तीतले सगळे फोन एकदम वाजले. अक्काच्या खोलीत माझा लाल दिवा पेटला असणार! ज्या ट्रकवाल्यांना सांगून ठेवलं होतं ते वस्तीवर गेले. घर न् घर रिकामं करत. मी हॅलोबाईचा हात धरून बसलो होतो, हे तिनं तो सोडवून घेतला तेव्हा कळलं. "रक्त थांबलं माझं," म्हणाली.

दुपारी माझ्या घराच्या दारात गाडी थांबली. अक्का! एका हातात काठी, दुसऱ्या हातात तो फोन, छातीशी धरलेला. आत येऊन खोलीभर नजर फिरवली. "मावले बाई," म्हणाली.

ती चहा पीत असताना डोंगर आला. आम्हाला ऐकू आलं नाही. चिमणीनं फोनवर सांगितलं. तिचं घर, रस्ता, टॉवर, तार — सगळं घेऊन गेला. माणूस एकही नाही. एकही नाही! शेवटच्या क्षणापर्यंत तार सांगत होती, मग पडदा त्या ठिकाणाहून काळा झाला.

मी अक्काकडे बघत बसलो. ती बिस्कीट बुडवत होती.

१५ ऑगस्ट

अक्काचा गुडघा भोपळ्यासारखा सुजलाय. डॉक्टरांना घरी बोलावलं. तिला आधीपासून ओळखतात, महिन्यातून एकदा वस्तीत जायचे. दारातूनच रागावले, "आजी, एप्रिलमध्येच बजावलं होतं ना, घराबाहेर चालायचं नाही म्हणून? हाडाला हाड घासतंय!"

"काय?" अक्का म्हणाली.

त्यांनी मोठ्यांदा सांगितलं.

"ऐकू येत नाही हो," म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

१७ ऑगस्ट

वस्तीची मंडळी शाळेच्या हॉलमध्ये उतरलीत. त्यांना पांघरुणं द्यायला गेलो, तर तिथं वस्तीचा दूधवाला भेटला. म्हटलं, आता आमच्या अक्काला रोज दुधासाठी थांब्यापर्यंत चालायला नको.

तो हसला. "आजी कशाला येतील थांब्यावर? मी दारात घालतो दूध, पहिल्यापासून. मे महिन्यात एक दिवस गाडी बिघडली, तेवढ्या दिवशीच आल्या होत्या. हां, पण सकाळी त्या रस्त्यावर असायच्या मात्र. रोज. भर पावसातसुद्धा. काठी टेकत, थांबत थांबत. मी विचारलं एकदा, एवढ्या पायदुखीत काय करता इथं? तर म्हणाल्या, 'धाकट्याला कविता म्हणून दाखवते.'"

गाळणी एक जूनला बसली होती.